घण आणि फक्की

माझा बाप कसाऱ्याच्या घाटात मेला. तो प्यालेला नव्हता, झोपलेला नव्हता. पुढची चाकं वळवणारा लोखंडी दांडा उतारावरच्या वळणावर तुटला, स्टेअरिंग हातात नुसतं गरगर फिरलं, आणि जिथं वळायचं तिथं बाप सरळ गेला. तो दांडा दुसऱ्या एका मेलेल्या ट्रकमधून काढलेला होता. भेग वेल्डिंगनं बुजवून, वरून काळा रंग मारून विकलेला. काढणारा, वेल्डिंग मारणारा आणि विकणारा माणूस एकच, सापगावच्या भंगाराच्या यार्डातला चांगोदादा. त्याच्याविषयी मी हे लिहिते आहे.

बापाला घरी आणलं तेव्हा तोंड झाकलेलं होतं. आईनं कापड काढायला घेतलं, तर माझ्या चुलत्यानं तिचे हात धरले. ती त्याच्या मनगटाला चावली. तरी कापड काढू दिलं नाहीच. मी तेव्हा दहावीला होते. आमचं घर मुरबाडच्या बाजूला, डोंगराला टेकून. भात चार महिने पुरायचं, नागली त्यापुढे दोन. बाप गेल्यावर आई लाकडाच्या मोळ्या वाहायला लागली, मग खडी फोडायला. सकाळी पेज, संध्याकाळी पेज, मधे शाळा. वही मी पेन्सिलीनं लिहायची, म्हणजे खोडून परत लिहिता यायचं. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि ती पायरी कशावर उभी आहे ते माहीत असावं म्हणून सांगते.

बापाच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरनं दरीतून तुटलेल्या दांड्याचा वीतभर तुकडा आणून दिला आणि तो कुठून आला तेही सांगितलं. आईनं तो देवाच्या फळीवर ठेवला. तेरावं झालं. चौदाव्या दिवशी तिनं तो पदरात गुंडाळला आणि मला म्हणाली, "चल."

शहापूर-मुरबाड रस्त्यावर, सापगाव ओलांडलं की ते यार्ड. चांगोदादा रुळाच्या तुकड्यावर बसून बिडी ओढत होता. आडवा, काळा, मान नसल्यासारखा माणूस. आईनं तुकडा पुढं केला.

"ह्यो तुजा?"

त्यानं तो हातात घेतला, तुटलेल्या तोंडाकडे पाहिलं, अंगठा फिरवला. नाकारता आलं असतं. काळ्या रंगाचे दांडे हजार असतात.

"माजा," तो म्हणाला आणि तुकडा परत दिला.

आईनं तोच त्याच्या कपाळावर मारला. हाडाचा आवाज झाला. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. यार्डातला पोरगेलासा कामगार रघ्या धावत आला, तर चांगोदादानं हात वर करून त्याला अडवलं. "मारू दे," म्हणाला. आईनं दुसऱ्यांदा हात उगारला, आणि खाली घेतला.

"तू मेलास तं माज्या पोरीला कोन जेवाला घालील? उद्यापासनं मी कामाला येनार हितं. आन हितनं येकबी मोडका तुकडा भायेर गेला, तं याच्यानीच तुजं डोस्कं फोडीन."

"ये," तो म्हणाला. एवढंच.

नातेवाइकांनी आईला सोडलं नाही. नवऱ्याच्या खुन्याच्या दारात कामाला जाते, म्हणून पाणवठ्यावर बायका हंडे बाजूला घ्यायच्या. आई म्हणायची, "मंग कुठं जाऊ? त्याच्यावर नजर ठेवाला दुसरं कोन जानार हाय?"

त्याच वर्षी यार्डात विमानं यायला लागली. मालक भिवंडीला राहायचा. ट्रकच्या भंगारात त्याचं मन रमेना, म्हणून तो लिलावात मोडकी विमानं घेऊ लागला. मोठी नव्हेत, वैमानिक व्हायला आलेली पोरं शिकतात ती दोन-चार माणसांची. कुणी धावपट्टीवरून घसरलेलं, कुणी शेतात नाक खुपसलेलं, कुणी तारेला लागून उलटलेलं. चौकशी आटपली की ती ट्रेलरवर आडवी होऊन यायची, पंख वेगळे बांधलेले, कापायला नेलेल्या बकऱ्याच्या तंगड्या बांधतात तसे. चांगोदादाचं काम त्यांना खोलायचं. इंजिन, चाकं, घड्याळं, पंप, नळ्या, एकेक सुटं करायचं. जे धड असेल ते कागदासकट मान्यता असलेल्या वर्कशॉपला तपासायला जायचं, आणि तिथं पास झालं तर पुन्हा कुठल्यातरी विमानात बसायचं. जे धड नसेल ते भट्टीला.

पण भट्टीला जायच्या आधी ते घणाखाली जायचं. हा चांगोदादाचा नियम. भंगाराच्या बाजारात मोडका भाग घासून, रंगवून धड म्हणून विकणारे बसलेलेच असतात, आणि हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तो स्वतः त्यांतलाच होता. म्हणून भेगाळलेला सिलिंडर असो, वाकलेला बोल्ट असो, तो रुळावर ठेवायचा आणि ओळख पटणार नाही इतका ठेचायचा. आई समोर उभी असल्याशिवाय घण उचलायचा नाही. "वयनी, बघ," म्हणायचा. आई बघायची. मग घण पडायचा. ठेचताना तो त्या लोखंडाला शिव्या घालायचा. "मुडद्या, उठशील? परत उठशील?" नवख्या माणसाला वाटायचं, आत कुणाला तरी मारताहेत.

मला तो 'कालेज' म्हणायचा. मी तेव्हा अकरावीत होते, कॉलेज म्हणजे नुसती पाटी बदललेली शाळा, पण त्याच्या तोंडून ते ऐकलं की पाठ ताठ व्हायची. मी एकदा विचारलं, "दादा, भट्टीत वितळणारच आहे, तर एवढं ठेचायचं कशाला?"

"मेल्याला परत मारावा लागतो, कालेज. नायतर त्यो उठतो आन दुसऱ्याला मारतो."

त्याच्या दोन खोडी सगळ्या रस्त्याला माहीत होत्या. एक म्हणजे त्याचा कान. जड भाग तो सुतळीनं टांगायचा, छोट्या हातोडीनं हलकेच वाजवायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. कुंभाराच्या दारात बाई गाडगं टिचकी मारून घेते, तसा. धड लोखंड खण्ण करून लांबवर वाजत राहतं. भेगाळलेलं ठप्प बोलतं. तो ठप्प ऐकला की त्याचा चेहरा ओंगळ काहीतरी खाल्ल्यासारखा व्हायचा.

दुसरी खोड अशी, की वरून विमान जात असलं की घण थांबवायचा. आमच्या डोक्यावरून मुंबईला उतरणारी विमानं दिवसभर जातात. घण खांद्यावर घेऊन हा माणूस मान वर करून उभा राहायचा, आवाज पार विरेपर्यंत. रघ्या हसायचा. "दादा, त्यांना काय आयकू जातंय व्हय?"

"जात नसंल. तरी वरच्यांच्या पाठीमागं आपन हाडं मोडाची नायत."

रघ्याची गोष्ट सांगते. एकदा आलेल्या विमानात दोघं मेले होते, शिकणारा आणि शिकवणारा. सीटचे पट्टे कापलेले होते, कारण माणसं सोडवून काढायला वेळ नव्हता. पायाखालच्या पत्र्यात एक बूट अडकून राहिला होता, नाडी नीट बांधलेली. वास होता. आई नाकाला पदर लावून लांब उभी राहिली. रघ्या मात्र आत चढला, डाव्या सीटवर बसला, कानाला तिथलाच हेडफोन लावला आणि मोबाइल वर धरून हसला.

चांगोदादानं त्याला कॉलरला धरून खिडकीतून बाहेर ओढला. इंधनाची रबरी नळी हाताशी होती, तिनं मारायला सुरुवात केली. पाठीवर, मांड्यांवर, तोंडावर. रघ्याचं नाक फुटलं, ओठ फाटला, तो ट्रेलरखाली घुसला तर पाय धरून बाहेर काढून मारला. शेवटी आईनं नळी दोन्ही हातांनी पकडली आणि चांगोदादाच्या छातीवर लाथ घातली, तेव्हा थांबला.

रघ्या रक्त थुंकत म्हणाला, "सेल्फी घेतला, दादा. खून नाय केला."

"मी पन खून नव्हता केला. वेल्डिंग केली व्हती."

मग त्यानं बादली घेतली आणि ती सीट स्वतः धुतली, एकट्यानं, पत्र्याच्या सांध्यांतून पाणी स्वच्छ येईपर्यंत. बूट काढून पुसला. विमान घेऊन आलेल्या ड्रायव्हरच्या हातात दिला, "ज्याचा त्याला पोचव." त्या दिवशी तो जेवला नाही. रक्त लागलेलं विमान आलं की जेवायचा नाहीच. दुसऱ्या दिवशी रघ्या सुजलेल्या तोंडानं कामाला आला. त्याला वाटलं दादा माफी मागेल. दादानं त्याला पाना दिला आणि म्हणाला, "डावं चाक खोल."

मी त्याला चांगला माणूस म्हणत नाही. चांगली माणसं अशी मारत नाहीत.

दर थंडीत म्हसाच्या जत्रेला तो जायचा. बैल घ्यायचा नसायचा. त्याच्याकडे जमीन नव्हती, बायको कधीच सोडून गेली होती. तो नुसता बाजार बघायचा. एका वर्षी मी आणि आई घोंगडी घ्यायला गेलो होतो, तेव्हा तो बैलांच्या दावणीत भेटला. एक व्यापारी गोऱ्हा दाखवत होता. शिंगं रंगवलेली, पाठीवर आरशांची झूल. गिऱ्हाईक म्हातारं होतं, उपरण्याखाली हातात हात घालून बोटांवर बोली चालली होती. चांगोदादा बैलाभोवती एकदा फिरला. मग काही न बोलता झूल ओढून काढली. खांद्यावर जू लागून पडलेली जखम होती, तळहाताएवढी, वरून हळद थापलेली. त्यावर माश्या बसल्या.

व्यापाऱ्यानं हातातला चाबूक त्याच्या तोंडावर ओढला. गालावर लाल रेघ उठली. दुसरा फटका चांगोदादानं मुठीत पकडला, चाबकासकट माणूस ओढला, खाली पाडला आणि त्याचं तोंड शेणात दाबून धरलं. लोकांनी सोडवलं. मजा म्हणजे ते म्हातारंच त्याच्यावर उखडलं. "तुला काय करायचा रे? माजा बैल, माजा सौदा. मी काय आंधला हाय?"

चांगोदादा गालावरचं रक्त पुसत आमच्याबरोबर चालू लागला. आई म्हणाली, "लोकं तुला येड्यात काढतील."

"काढूं दे. झाकलेलं दिसलं का माजा हात ऱ्हात नाय."

"तवा बरा ऱ्हायला," आई म्हणाली. 'तवा' म्हणजे कधी, ते तिघांनाही माहीत होतं. तो पुढं झाला आणि एसटी येईपर्यंत आमच्यापासून दहा पावलांवर उभा राहिला.

आता फक्कीचं सांगते.

आईचं काम भाग रॉकेलमध्ये धुवायचं. रघ्या कबड्डी खेळायचा. गावच्या मैदानाच्या रेघा आखायची पांढरी फक्की शेडमध्ये गोणीत पडलेली असायची. एकदा आईनं धुऊन पुसलेला सिलिंडर त्या गोणीवर ठेवला. उचलला तेव्हा त्यावर पांढरा थर बसला होता आणि थरात एक बारीक ओली रेघ उमटत होती, केसाएवढी. दुसरं कुणी असतं तर झटकून टाकलं असतं. पण आमच्याकडे लाइट गेली की रॉकेलची चिमणी लागायची, आणि चिमणीची टाकी कुठून पाझरते ते आई सुकी राख लावून शोधायची. राख जिथं काळी पडते तिथं भोक. तिनं सिलिंडर पुन्हा रॉकेलात बुडवला, पुन्हा कोरडा पुसला, पुन्हा फक्की लावली. रेघ पुन्हा तिथंच.

चांगोदादाला दाखवलं तर तो हसला. "वयनी, सिलिंडरवर कबड्डी खेलतेस व्हय?" मग त्यानं तो टांगून वाजवला. ठप्प.

तेव्हापासून छोट्या भागांना फक्की लागू झाली. मी बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं होतं. एक दिवस मी घरी येऊन आईला सांगितलं, बारीक भेगेत रॉकेल शिरून बसतं, पुसलं तरी आत राहतं, आणि कोरडी पूड ते बाहेर ओढते. याला केशाकर्षण म्हणतात. मोठमोठ्या वर्कशॉपमध्ये रॉकेलऐवजी लाल रंग वापरतात, तत्त्व हेच. दुसऱ्या दिवशी आईनं ते चांगोदादाला सांगितलं. तो मला म्हणाला, "आयच्यान, त्याला नाव हाय?" मग थोड्या वेळानं, जरा रागानं, "पन शाफ्टला मी फक्की लावू देनार नाय. शाफ्ट माजा. शाफ्टला कान."

शाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला मुख्य दांडा. त्याच्या पुढच्या टोकाला पंखा बोल्टनं आवळलेला असतो. तो दांडा तुटला की पंखा निखळून जातो आणि विमान दगड होतं.

मी तिसऱ्या वर्षाला होते. सुट्टी होती, आईचा डबा घेऊन मी यार्डात गेले होते. चार दिवसांपूर्वी आलेल्या विमानाचा पंखा उतरताना जमिनीला लागला होता, पाती केळीच्या सालीसारखी वळली होती. पंख्याला मार म्हणजे शाफ्टला मार. पण मालकाचा फोन आला, एक एजंट येईल, शाफ्ट त्याला दे. वर्कशॉपला पाठवू नको, कागदाचं तो बघेल. म्हणजे हा शाफ्ट कुणीही न तपासता सरळ कुठल्यातरी विमानात जाणार होता, आणि त्याच्या आणि त्या विमानाच्या मधे फक्त चांगोदादाचा कान होता.

त्यानं शाफ्ट टांगला. वाजवला. देवळातल्या घंटेसारखा वाजला. डोळे मिटून त्यानं तीनदा ऐकलं आणि मालकाला फोनवर शब्द दिला, "चांगला हाय. पाठवा मानूस."

एजंट दुपारी आला. पांढरी गाडी, बरोबर दोन दांडगे. तो चहा पीत होता तेव्हा आईनं, कुणालाही न विचारता, शाफ्टच्या पुढच्या टोकावर फक्की शिंपडली. शाफ्ट आदली रात्रभर रॉकेलात होता, तिनंच ठेवला होता आणि सकाळी टांगण्याआधी कोरडा पुसला होता. लाकडी ठोकळ्यानं तिनं त्याला हलकेच ठोकलं. पंखा जिथं बसतो त्या चकतीच्या मागं, कोपऱ्यात, ओली रेघ उमटली. वाकडी, नखाच्या कोरीसारखी.

"चांग्या, बघ."

त्यानं पाहिलं. बाहीनं पुसून टाकली. "तुजा घाम पडला आसंल."

आईनं पुन्हा फक्की टाकली. रेघ पुन्हा आली. त्यानं पुन्हा पुसली. मानेवरची शीर उडत होती. "वाजवला मी. खन्न वाजला. तीनदा."

एजंट उठून आला. "काय झालं, चांगोभाऊ? टाइम नाही मला."

आईनं तिसऱ्यांदा फक्की टाकली. रेघ आली. या वेळी तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, रेघेकडेच बघत म्हणाली, "माज्या नवऱ्याचा दांडा पन खन्नच वाजला व्हता ना रे?"

वरून विमान गेलं, आणि त्या दिवशी चांगोदादानं मान वर केली नाही. मग तो शेडमध्ये गेला आणि घण घेऊन आला.

"चांगोभाऊ, जबान दिलीस तू."

"दिली व्हती. चुकली."

त्यानं शाफ्ट रुळावर ओढला. घण वर गेला तसे दोघे दांडगे त्याच्यावर पडले. एकाच्या तोंडावर त्यानं डोकं आपटलं, दात मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसऱ्यानं जॅकचा दांडा उचलला. चांगोदादा पालथा पडला होता, उजवा हात रुळावर, शाफ्ट घट्ट धरून. त्या हातावर तो जॅकचा दांडा पडला. एकदा. सोडला नाही. दुसऱ्यांदा. बोटं भलतीकडेच वळली. तिसऱ्यांदा पडला तेव्हा तो ओरडला, जनावरासारखा, पण हात तिथंच. मी किंचाळत होते, पाय हलत नव्हते. हे मी लपवत नाही.

आईनं रॉकेलचं घमेलं उचललं आणि एजंटच्या अंगावर ओतलं. डोक्यापासून बुटापर्यंत. दुसऱ्या हातात काडेपेटी होती.

"तुज्या मानसांना सांग. नायतर काडी वढते."

तिचा आवाज चढलेला नव्हता. खडी फोडणाऱ्या बाईचा हात थरथरत नाही. तिनं ती ओढली असती की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. एजंट हलला नाही. "भाभी, मजाक नको," म्हणाला, आणि त्याचं लक्ष शेडच्या दाराकडे गेलं. तिथं रघ्या उभा होता, मोबाइल वर धरून, सगळं टिपत.

"हसा जरा," रघ्या म्हणाला. "चांगला येतोय."

ते गेले. तोंड फुटलेला मागच्या सीटवर रक्त ओकत होता. गाडी वळली तरी आईच्या हातातली पेटी खाली आली नव्हती.

मी ओढणीनं चांगोदादाचा हात बांधायला गेले. त्याला हात असं म्हणवत नव्हतं. "आदी त्यो," तो म्हणाला. "त्यो जित्ता हाय अजून." डाव्या हातानं त्यानं घण उचलायचा प्रयत्न केला, उचलेना. तेव्हा आईनं पदर खोचला आणि घण घेतला.

शाफ्ट घणानं तुटत नाही. एरवी गॅसनं खाच पाडावी लागते. तो धड असता तर आईच्या घणाला त्यानं दाद दिली नसती. तिनं नवव्या की दहाव्या घावाला चकती उडवली. ती घरंगळत माझ्या पायाशी आली. तुटलेलं तोंड साखरेसारखं चमकत होतं, आणि कडेला एक जागा काळपट, गुळगुळीत, अंगठ्याच्या नखाएवढी. तेवढं कधीचंच तुटलेलं होतं. भेग घट्ट मिटलेली असली की आवाज फसवतो, हे मी नंतर पुस्तकात वाचलं.

चांगोदादानं डाव्या हाताचा अंगठा त्या काळ्या जागेवर फिरवला. चौदाव्या दिवशी फिरवला होता तसाच.

"तसाच हाय," तो म्हणाला.

"तसाच," आई म्हणाली.

हात सरळ झाला नाही. दोन बोटं काढावी लागली, उरलेली वाकडीच जुळली. रघ्याच्या मोबाइलमधलं चित्रण पोलिसांत जाईल या भीतीनं मालकानं आईला आणि रघ्याला हात लावला नाही, पण हाताविना मिस्त्री काय कामाचा, म्हणून चांगोदादाला घरी बसवलं. तो भांडला नाही. जाताना एकच म्हणाला, फक्कीचा डबा रुळापाशी ठेवा, शेडमध्ये नको.

मी पदवी घेतली. मग भाग न मोडता तपासायचा कोर्स केला, आणि एका वर्कशॉपमध्ये नोकरी लागली. ज्या दिवशी मी निघणार, त्या सकाळी तो आमच्या दारात आला. इतक्या वर्षांत तो आमच्या घरी कधी आला नव्हता, आणि आईनं कधी बोलावलं नव्हतं. डाव्या खांद्यावर घण होता. तो त्यानं अंगणात उभा करून ठेवला. दांडा त्याच्या हातांनी झिजून मऊ झालेला.

"वयनी, यार्डातला घण हलका पडतो, ह्यो माजा घे. तुज्याकडं ऱ्हाऊ दे." मग मला, "कालेज, तितं फक्की हाय ना?"

"आहे, दादा. डब्यात येते, फवारायची."

"मंग बरा."

आई दारात उभी होती. तिच्या मागं, आत, देवाच्या फळीवर तो वीतभर तुकडा दिसत होता, आणि त्यालाही दिसत असणार. आत ये, असं ती म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "पानी घेतोस?"

तो अंगणातच उभा राहून प्याला, डाव्या हातानं, तांब्या तोंडाला न लावता. अर्धं पाणी गळ्यावरून छातीवर गेलं. तांब्या पायरीवर ठेवला आणि निघाला. रस्त्याला लागला तोच वरून विमान आलं. तो थांबला. खांद्यावर घण नव्हता, तरी थांबला, मान वर करून, वाकडा हात डोळ्यांवर धरून. मागून डंपर हॉर्न वाजवत होता. आवाज पार विरेपर्यंत तो रस्त्यातून हलला नाही. मग चालू लागला. मी त्याला शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. पुढच्या थंडीत, जत्रेच्या आधी, तो गेला. आई मयताला गेली होती. शेवटपर्यंत थांबली, असं रघ्यानं सांगितलं.

आज यार्डात तो घण आई चालवते. वर्कशॉपमध्ये भाग माझ्या सहीनं पास होतात आणि माझ्याच सहीनं नापास होतात. आणि आईनं अट घातली त्या दिवसापासून आजवर, सापगावच्या त्या यार्डातून एकही मोडका भाग परत आकाशात गेलेला नाही.